एक कोलन गळतो तेव्हा: ओपन सोर्स डॉक्युमेंटेशनमधल्या मार्कअप चुका शोधणं आणि दुरुस्त करणं

पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये 'पिकल' या, डेटा फाइलमध्ये साठवून परत वाचणाऱ्या मॉड्यूलचं पान उघडलं की वरच इशाऱ्याची एक ठळक चौकट दिसते. हे मॉड्यूल सुरक्षित नाही, ज्या डेटाची खात्री आहे तोच अनपिकल करा, म्हणजे परत वाचा, असं ती सांगते. मूळ फाइलमध्ये ही चौकट उभी राहते ती एवढ्यावर:

```
.. वॉर्निंग::

   पिकल मॉड्यूल सुरक्षित नाही.
```

दोन टिंबं, एक स्पेस, शब्द आणि शेवटी दोन कोलन. आता समजा, कुणाच्या तरी हातून यातला एक कोलन गळला. पान नेहमीसारखंच तयार होईल आणि बिल्ड करताना, म्हणजे मूळ फाइलींपासून पानं तयार करताना, एररही येणार नाही. फक्त चौकट नसेल, आणि तिच्यातला मजकूरही नसेल. कारण एकाच कोलनाची ती ओळ या मार्कअपमध्ये, म्हणजे मजकुराची मांडणी सांगणाऱ्या चिन्हांच्या या पद्धतीत, कॉमेंट ठरते आणि कॉमेंट वाचकाला दाखवली जात नाही. एखादा विद्यार्थी कुठून तरी आलेली फाइल निर्धास्तपणे अनपिकल करेल, कारण त्याला सावध करणारं वाक्य त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसेल.

मार्कअपच्या चुका म्हणजे सजावटीतली खोट, असं पुष्कळांना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. ओपन सोर्समध्ये नव्याने येणाऱ्याने सुरुवात करावी अशी याहून चांगली जागा मला माहीत नाही. काम छोटं आहे, ते बरोबर झालं की नाही हे डोळ्यांनी पडताळता येतं, आणि त्याचा उपयोग खरा आहे. अट एकच: मूळ फाइल आणि तयार झालेलं पान, दोन्ही पाहिल्याशिवाय दुरुस्ती पाठवायची नाही. या लेखातली प्रत्येक पायरी त्या अटीशी जोडलेली आहे.

एक खुलासा आधीच करते. खालच्या उदाहरणांत कोडमधली नावं देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीतच असतात. चिन्हं मात्र जशीच्या तशी आहेत, आणि आपल्याला लक्ष त्यांच्याकडेच द्यायचं आहे.

आधी मार्कअप ओळखा

डॉक्युमेंटेशन लिहिण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत. गिटची मॅन्युअल पानं आस्कीडॉकमध्ये असतात, पोस्टग्रेस-एसक्यूएलची डॉकबुकमध्ये. मार्कडाउन जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणलं आणि आज गिटहबवरची बहुतेक रीडमी पानं त्यातच लिहिली जातात. पायथनचं डॉक्युमेंटेशन पूर्वी लेटेकमध्ये होतं. २००८ मध्ये आलेल्या २.६ या आवृत्तीपासून ते रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये, म्हणजे बोलीभाषेत आरएसटीमध्ये, आलं. गेऑर्ग ब्रान्डल यांनी स्फिंक्स हे साधन मुळात याच कामासाठी बनवलं. पुढे असंख्य प्रकल्पांनी ते उचललं. लिनक्स कर्नलचं डॉक्युमेंटेशनही २०१६ पासून स्फिंक्सवर येऊ लागलं, आणि जँगोचंही त्यावरच आहे.

मी पायथनचं उदाहरण घेते, कारण त्याचं डॉक्युमेंटेशन सगळ्यांच्या पाहण्यातलं आहे आणि आरएसटीमधल्या चुकांचे जवळपास सगळे प्रकार तिथे समजून घेता येतात. तुमचा प्रकल्प मार्कडाउनमध्ये असेल तर चिन्हं बदलतील, काम करण्याची रीत तीच राहील. दोन्हींची सरमिसळ मात्र करू नका. नवख्यांच्या निम्म्या चुका मार्कडाउनची सवय आरएसटीमध्ये नेल्यामुळे होतात असं मला वाटतं.

चूक मुळात कुठे आहे ते कसं शोधायचं

वाचताना काही तरी खटकतं: मजकुरात मोकळा तारा दिसतो, यादीचा परिच्छेद झालेला असतो, लिंकच्या जागी कोनी कंसातला पत्ता तसाच उघडा पडलेला असतो. आता मूळ फाइल गाठायची. पायथनच्या पानांवर बाजूच्या पट्टीत 'शो सोर्स' नावाचा दुवा असतो, तो थेट गिटहबवरच्या फाइलपाशी नेतो. पानाच्या पत्त्यावरूनही अंदाज येतो. पत्त्यात 'लायब्ररी' असेल तर फाइल रिपॉझिटरीच्या, म्हणजे प्रकल्पाच्या फाइलींच्या साठ्याच्या, 'डॉक' फोल्डरमधल्या 'लायब्ररी'त सापडते. 'ट्युटोरियल' आणि 'हाउटू' यांचंही तसंच.

सगळे प्रकल्प इतके सरळ नसतात. नमपाय, पांडाज, सायकिट-लर्न यांच्या फंक्शनांची पानं डॉकस्ट्रिंगमधून, म्हणजे कोडमध्येच लिहिलेल्या वर्णनांमधून, आपोआप तयार होतात. तिथे दुरुस्ती करायची ती पायथनच्या कोड फाइलमध्ये. पानावरचं चुकलेलं वाक्य रिपॉझिटरीत शोधा, म्हणजे ते कुठे राहतं ते कळेल. वाक्य निवडताना ज्यात मार्कअप नाही असे चार-पाच शब्द घ्या, नाही तर मधल्या चिन्हांमुळे शोध फसतो.

फाइल सापडली की ती मुख्य ब्रँचवर, म्हणजे प्रकल्पाचं ताजं काम चालतं त्या शाखेवर, उघडून पाहा. तुम्ही वाचत होतात ते पान जुन्या आवृत्तीचं असू शकतं आणि चूक तोवर सुधारलेलीही असू शकते. त्या फाइलचं नाव घेऊन उघड्या पुल रिक्वेस्टही, म्हणजे इतरांनी पाठवलेले पण अजून स्वीकारले न गेलेले बदलही, चाळा. दोन मिनिटांचं काम आहे, पण तेच काम दुसऱ्याने आधी केलेलं असेल तर तुमचा आणि तपासणाऱ्याचा वेळ वाचतो.

नेहमी भेटणाऱ्या चुका

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक बॅकटिकची. बॅकटिक म्हणजे कीबोर्डवर १ या आकड्याच्या डावीकडे असतं ते चिन्ह. मार्कडाउनमध्ये एकेरी बॅकटिकमध्ये शब्द ठेवला की तो कोडच्या अक्षरांत दिसतो. आरएसटीमध्ये कोडसाठी दुहेरी बॅकटिक लागतात. एकेरी बॅकटिकचा अर्थ तिथे वेगळा आहे, आणि बहुतेक वेळा शब्द नुसता तिरका छापला जातो.

```
`ट्रू`       चूक: तिरकं दिसेल
``ट्रू``     बरोबर: कोडसारखं दिसेल
```

पण प्रत्येक एकेरी बॅकटिक डोळे झाकून दुहेरी करू नका. त्याच्या आधी रोल असेल, म्हणजे दोन कोलनांमध्ये एखादं नाव असेल, तर एकेरीच बरोबर असतो. रोलमुळे त्या शब्दाची संबंधित पानाशी लिंक तयार होते. रोलमध्ये चुकतं ते दुसरीकडेच. पहिला कोलन राहून जातो, किंवा दुसरा कोलन आणि बॅकटिक यांच्यामध्ये स्पेस पडते.

```
फंक:`ओपन`       चूक: पहिला कोलन नाही
:फंक: `ओपन`     चूक: मध्ये स्पेस आली
:फंक:`ओपन`      बरोबर
```

दोन टिंबांनी सुरू होणाऱ्या आणि पानावर चौकटीसारखं काही उभं करणाऱ्या सूचनेला डायरेक्टिव्ह म्हणतात. एकाच कोलनाचा डायरेक्टिव्ह आपण वर पाहिला. तो सगळ्यांत घातक, कारण तयार पानावर त्याची काहीच खूण उरत नाही. बाकीच्या चुका निदान विद्रूप दिसतात, ही दिसतच नाही. म्हणून मूळ फाइल वाचताना दोन टिंबांनी सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीचा शेवट पाहायची सवय लावा. उलट बाजूही लक्षात ठेवा. लेबलच्या ओळीत, म्हणजे दोन टिंबांनंतर अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या नावापुढे, एकच कोलन असतो आणि तो बरोबर असतो.

त्यानंतर रिकाम्या ओळी आणि इंडेंट. परिच्छेदानंतर लगेच, मध्ये रिकामी ओळ न सोडता यादी सुरू केली तर आरएसटीच्या लेखी तो परिच्छेदच पुढे चालू असतो. सगळे मुद्दे एका दमात, मध्ये तारे पेरल्यासारखे छापले जातात. उलट, ओळीच्या सुरुवातीला चुकून एक स्पेस पडली तर तो परिच्छेद अवतरण समजला जाऊन आत सरकतो. पायथनच्या डॉक्युमेंटेशनचा नियम असा, की आरएसटीमध्ये तीन स्पेसचा इंडेंट, कोडच्या उदाहरणांच्या आत चार, आणि टॅब कुठेच नाही. तीन हा आकडा विचित्र वाटेल, पण दोन टिंबं आणि एक स्पेस मिळून तीनच जागा होतात. त्यामुळे आतला मजकूर बरोबर डायरेक्टिव्हच्या नावाखाली येतो.

कोडच्या नमुन्याआधीचा परिच्छेद दोन कोलनांनी संपवला की पुढचा आत सरकवलेला भाग जसाच्या तसा कोड म्हणून छापला जातो. तिथे एकच कोलन राहिला तर कोडच्या ओळी एकमेकींत मिसळून परिच्छेद होतो. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या स्पेसला अर्थ असतो, त्यामुळे असा नमुना कॉपी करून चालवणारा हमखास अडकतो.

तारा आणि अंडरस्कोर ही पायथनची खास डोकेदुखी. वाक्यात नुसतं *आर्ग्स लिहिलं की आरएसटी समजतं, तिरका मजकूर सुरू झाला, आणि त्याचा शेवट शोधत बसतं. दोन ताऱ्यांच्या केडब्ल्यूआर्ग्सचं तेच, फक्त तिथे ठळक मजकुराची अपेक्षा असते. शेवटी अंडरस्कोर असलेलं नाव, जसं क्लास_, लिंक समजलं जातं आणि त्या नावाचं लक्ष्य सापडत नाही अशी तक्रार येते. ही सगळी कोडमधली नावं आहेत, तेव्हा त्यांना दुहेरी बॅकटिकमध्ये ठेवणं हाच नीट उपाय. उलटा स्लॅश लावूनही चिन्ह निष्प्रभ करता येतं, पण मग ते कोडच्या अक्षरांत दिसत नाही. मी तो मार्ग नाइलाज असेल तेव्हाच वापरते.

लिंकमध्ये दोन ठिकाणी हात चुकतो. कोनी कंसाच्या आधीची स्पेस सुटते, किंवा शेवटचा अंडरस्कोर.

```
`पायथन<पत्ता>`_      चूक: कंसाआधी स्पेस नाही
`पायथन <पत्ता>`      चूक: शेवटी अंडरस्कोर नाही
`पायथन <पत्ता>`_     बरोबर
```

एकाच पानावर 'इथे' असं नाव दिलेल्या, पण वेगवेगळ्या ठिकाणी नेणाऱ्या दोन लिंक असतील तर लक्ष्याचं नाव दुसऱ्यांदा आल्याची वॉर्निंग येते. शेवटी दोन अंडरस्कोर दिले की ती थांबते. त्याहून बरं म्हणजे 'इथे' काढून लिंकला अर्थपूर्ण नाव देणं.

आणखी एक चूक कमी लोकांना ठाऊक आहे. कमांडचा पर्याय, जसा --हेल्प, साध्या वाक्यात तसाच लिहिला तर स्फिंक्सच्या मूळ सेटिंगमध्ये दोन जोडचिन्हांची मिळून एक लांब रेघ होते. सरळ अवतरणचिन्हंही वळणदार होतात. वाचायला छान दिसतं. पण वाचक ती ओळ कॉपी करून टर्मिनलमध्ये टाकतो आणि कमांड चालत नाही. चूक कुठे आहे ते त्याला दिसतही नाही, कारण रेघ रेघेसारखीच दिसते. असा मजकूर दुहेरी बॅकटिकमध्ये घेतला की जसाच्या तसा राहतो.

शीर्षकांबद्दल थोडक्यात: शीर्षकाखालची चिन्हांची ओळ शीर्षकाहून आखूड नको. कोणतं चिन्ह कोणत्या पातळीचं, हे आरएसटी त्या फाइलमध्ये ते ज्या क्रमाने येतं त्यावरून ठरवतं. म्हणून नवीन शीर्षक घालताना त्याच फाइलमधल्या शेजारच्या शीर्षकाचं चिन्ह घ्या, दुसऱ्या पानावरून उचलू नका.

बिल्ड करा आणि वॉर्निंग वाचा

गिटहबवर पेन्सिलच्या खुणेवर क्लिक करून ब्राउझरमध्येच दुरुस्ती करता येते. एक बॅकटिक वाढवायचा असेल तर तेवढं पुरतं. यादी, तक्ता, डायरेक्टिव्ह यांना हात लावणार असाल तर मात्र आपल्या संगणकावर बिल्ड करून पाहाच.

पायथनच्या रिपॉझिटरीचा फोर्क, म्हणजे गिटहबवरची स्वतःची प्रत, घ्या, ती क्लोन करून आपल्या संगणकावर उतरवा, नवी ब्रँच काढा आणि 'डॉक' फोल्डरमध्ये जा. इंटरप्रिटर कंपाइल करायची गरज नाही. संगणकावर पायथन आणि गिट असलं की झालं. 'मेक व्हेन्व्ह' या कमांडने स्फिंक्स आणि त्याच्या सोबतची साधनं एका वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बसतात. मग 'मेक एचटीएमएल' केलं की पानं 'बिल्ड' फोल्डरच्या आतल्या 'एचटीएमएल'मध्ये तयार होतात. विंडोजवर त्याच फोल्डरमधली मेक डॉट बॅट हेच काम करते. पहिला बिल्ड वेळ खातो, पुढचे चटकन होतात.

ते चटकन का होतात हे समजून घ्या, कारण इथे फसगत होते. स्फिंक्स फक्त बदललेल्या फाइली पुन्हा वाचतं. त्यामुळे पहिल्या बिल्डमध्ये आलेली वॉर्निंग दुसऱ्यात आली नाही, याचा अर्थ चूक सुटली असा होत नाही. ती फाइल कदाचित पुन्हा वाचलीच गेलेली नसते. शंका आली की 'मेक क्लीन' करून सगळं नव्याने बांधा.

वॉर्निंगच्या ओळीत आधी फाइलचं नाव, मग ओळ क्रमांक, मग तक्रार. 'अनएक्स्पेक्टेड इंडेंटेशन' म्हणजे ओळ अचानक आत गेली. बहुधा तिच्या आधी रिकामी ओळ हवी असते. 'टायटल अंडरलाइन टू शॉर्ट' म्हणजे शीर्षकाखालची रेघ आखूड पडली. 'इनलाइन लिटरल स्टार्ट-स्ट्रिंग विदाउट एंड-स्ट्रिंग' म्हणजे दुहेरी बॅकटिक उघडले, पण बंद झालेले सापडले नाहीत. यातला ओळ क्रमांक बहुतेक वेळा परिच्छेदाच्या सुरुवातीचा असतो. त्या ओळीत काही दिसलं नाही तर परिच्छेद शेवटपर्यंत वाचा. आणि एका चुकीच्या इंडेंटमुळे चार वॉर्निंग येऊ शकतात, तेव्हा वरची पहिली आधी सोडवा.

पण वॉर्निंग नाही म्हणजे पान बरोबर, असं समजू नका. गळलेल्या कोलनासाठी स्फिंक्स चकार शब्द काढत नाही. त्यासाठी 'मेक चेक' आहे. तो स्फिंक्स-लिंट चालवतो. हे साधन पायथनच्याच डॉक्युमेंटेशनमधल्या एका तपासणी स्क्रिप्टमधून वाढलं, आणि आज ते कुठल्याही आरएसटी प्रकल्पात पिपने बसवून वापरता येतं. कॉमेंट वाटणारी ओळ खरं म्हणजे डायरेक्टिव्ह असावी, रोलचा कोलन राहिला, लिंकमध्ये स्पेस नाही, असल्या गोष्टी ते बिल्ड न करताही पकडतं.

आणि मग पान उघडा. जुनं प्रकाशित पान एका खिडकीत, तुमचं नवं पान दुसऱ्या खिडकीत. बदललेला भाग पाहा, आणि त्याच्या वरचा-खालचा एकेक परिच्छेदही पाहा. रिकामी ओळ घालून यादी सुधारली पण तिच्या पुढचा परिच्छेद आत सरकला, असं होऊ शकतं.

मराठीत लिहिताना आणि भाषांतर करताना

हा भाग मराठीत काम करणाऱ्यांसाठी, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आरएसटीचे नियम स्पेसने शब्द तोडणाऱ्या, प्रत्यय वेगळे ठेवणाऱ्या भाषा डोळ्यांपुढे ठेवून बनले आहेत. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात आणि तिथेच गाडी अडते.

आरएसटीचा नियम असा: बंद करणाऱ्या चिन्हापुढे स्पेस किंवा विरामचिन्ह हवं. लगेच अक्षर आलं तर ते चिन्ह बंद करणारं मानलंच जात नाही. हे वाक्य पाहा:

```
``ओपन()``ने फाइल उघडते आणि ``क्लोज()`` केल्यावर बंद होते.
```

वाचायला बिनचूक वाटतं. पण पहिल्या जोडीच्या शेवटी 'ने' चिकटला आहे, म्हणून तिथे कोड संपत नाही. पार्सर पुढे सरकतो, 'क्लोज'च्या शेवटच्या बॅकटिकांपुढे स्पेस पाहतो आणि तिथे थांबतो. परिणाम असा, की 'ओपन'पासून 'क्लोज'पर्यंतचं सगळं वाक्य, मधल्या बॅकटिकांसकट, कोडच्या अक्षरांत छापलं जातं, आणि वॉर्निंग येत नाही, कारण आरएसटीच्या हिशेबाने उघडलेलं बंद झालेलं आहे. ठळक आणि तिरक्या मजकुराच्या ताऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.

उपाय दोन. पहिला, बॅकटिक आणि प्रत्यय यांच्यामध्ये उलटा स्लॅश आणि त्यापुढे स्पेस द्यायची. ही स्पेस छापली जात नाही, त्यामुळे प्रत्यय पानावर चिकटलेलाच दिसतो.

```
``ओपन()``\ ने फाइल उघडते
```

दुसरा, वाक्याची घडण बदलायची: '``ओपन()`` या फंक्शनने फाइल उघडते'. मला हा दुसरा मार्ग आवडतो. मूळ मजकूर स्वच्छ राहतो, पुढच्या माणसाला तो उलटा स्लॅश कशासाठी आहे असा प्रश्न पडत नाही, आणि वाचकालाही ही गोष्ट फंक्शन आहे हे कळतं. प्रत्ययाआधी उघडी स्पेस सोडून मोकळं व्हायचं मात्र टाळा, ती पानावर दिसते आणि शुद्धलेखनाला धरून नसते.

भाषांतर बहुधा पीओ फाइलींमध्ये, म्हणजे मूळ वाक्य आणि त्याचं भाषांतर जोडीने ठेवणाऱ्या फाइलींमध्ये, चालतं. पायथनच्या डॉक्युमेंटेशनच्या भाषांतरांची चौकट २०१७ मध्ये पेप ५४५ या प्रस्तावाने ठरवून दिली, आणि तिथेही हीच रीत आहे. पीओ फाइलमध्ये उलटा स्लॅश स्वतःच खास चिन्ह आहे, म्हणून तो दोनदा लिहावा लागतो. एकदाच लिहिला तर तो आरएसटीपर्यंत पोचतच नाही. मूळ वाक्यात जितके रोल आणि लिंक आहेत तितके भाषांतरातही हवेत, नाही तर संदर्भ जुळत नसल्याची वॉर्निंग येते. रोलचं नाव आणि बॅकटिकमधलं कोडचं नाव यांचं भाषांतर करायचं नाही. स्फिंक्स-लिंट पीओ फाइलीही तपासतं.

मार्कडाउनमध्ये परिस्थिती थोडी सोपी आहे. दोन ताऱ्यांमधल्या ठळक शब्दाला प्रत्यय जोडला तरी तो बहुतेक ठिकाणी चालतो. अंडरस्कोरने तिरका केलेला शब्द मात्र प्रत्यय लागताच बिघडतो. म्हणून मराठी मार्कडाउनमध्ये अंडरस्कोर सोडा, तारेच वापरा.

थेट मराठीत आरएसटी लिहीत असाल तर शीर्षकाखालची रेघ डोळ्यांच्या अंदाजाने आखू नका. 'मार्गदर्शक' हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा दिसतो, पण काना, मात्रा, वेलांटी ही संगणकाच्या मोजणीत वेगळी चिन्हं असतात, आणि रेघ त्या मोजणीला पुरायला हवी. ती सरळ लांब ठेवा. जास्त लांब रेघेला आरएसटीची हरकत नसते.

आणि लेबल रोमन लिपीत द्या. देवनागरी शीर्षकापासून डॉक्युटिल्सला, म्हणजे स्फिंक्सच्या पोटात आरएसटी वाचणाऱ्या साधनाला, पत्ता बनवता येत नाही, म्हणून ते आयडी१, आयडी२ असे क्रमांक लावत जातं. उद्या मध्ये एक शीर्षक वाढलं की हे क्रमांक सरकतात आणि बाहेरून आलेल्या लिंक भलत्याच ठिकाणी उतरतात. शिवाय 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. असा शब्द लक्ष्याच्या नावात असेल तर लिंक जुळत नाही आणि तास गेला तरी कारण सापडत नाही.

दुरुस्ती पाठवताना

पाठवण्याआधी गिटचा डिफ, म्हणजे कोणत्या ओळी बदलल्या ते दाखवणारी यादी, नीट वाचा. तुम्ही बदललं तेवढंच त्यात दिसलं पाहिजे. काही एडिटर फाइल सेव्ह करताना ओळींच्या शेवटच्या स्पेस काढतात किंवा ओळ संपवण्याची पद्धतच बदलतात. मग दोन चिन्हांच्या दुरुस्तीचा डिफ दोनशे ओळींचा होतो आणि तपासणाऱ्याला त्यातून खरा बदल शोधावा लागतो. बॅकटिक वाढल्याने ओळ ८० अक्षरांच्या थोडी पुढे गेली म्हणून सगळा परिच्छेद नव्याने मांडू नका. आणि मार्कअप सुधारता सुधारता वाक्यरचना सुधारायचा मोह झाला तर ती वेगळी पुल रिक्वेस्ट करा. मार्कअपवर मतभेद होत नाहीत, भाषेवर होतात, आणि मग दोन्ही बदल अडकून पडतात.

वर्णन दोन वाक्यांचं पुरे: पानावर काय चुकीचं दिसत होतं आणि ते का दिसत होतं. 'इशाऱ्याची चौकट दिसत नव्हती, कारण डायरेक्टिव्हमध्ये एकच कोलन होता', इतकं इंग्रजीत लिहिलं की तपासणाऱ्याला सगळं कळतं. पायथनमध्ये अशा किरकोळ दुरुस्तीसाठी आधी इश्यू उघडावा लागत नाही. पहिल्यांदाच योगदान देत असाल तर बॉट परवाना करारावर सही करायला सांगेल, ती ऑनलाइन होते. पुल रिक्वेस्टवर तुमच्या बदलासह तयार झालेल्या पानांची झलकही मिळते. ती उघडून तुमचं पान पुन्हा पाहा.

तपासणाऱ्याने बदल सुचवला तर त्याच ब्रँचवर नवं कमिट करा, नवी पुल रिक्वेस्ट उघडू नका. पायथनमध्ये फोर्स-पुशही टाळतात, कारण त्याने आधीच्या चर्चेचा धागा तुटतो. शेवटी सगळी कमिट्स एकत्र करूनच मर्ज होतात. उत्तर त्रोटक आलं तर मनाला लावून घेऊ नका. त्या माणसापुढे अशा शेकडो रिक्वेस्ट असतात. काही आठवडे काहीच हालचाल झाली नाही तर एका ओळीची विनम्र आठवण करायला हरकत नाही.

निव्वळ आकडा वाढवण्यासाठी काहीबाही बदल पाठवू नका. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ऑक्टोबरभर चालणाऱ्या ओपन सोर्स योगदानाच्या उपक्रमात, टी-शर्टसाठी रीडमीमध्ये निरर्थक शब्द घुसवणाऱ्या रिक्वेस्टचा इतका पूर आला की आयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलावा लागला, आणि ज्या प्रकल्पांची संमती आहे तिथलंच काम मोजलं जाऊ लागलं. त्या पुराखाली दबले ते प्रकल्प सांभाळणारे स्वयंसेवक. तुमची एक नेमकी, तपासलेली दुरुस्ती त्यांना दिलासा देते.

मर्ज झाल्यावर पायथनमध्ये तोच बदल आधीच्या आवृत्त्यांच्या ब्रँचवर न्यायचा का, ते कोअर डेव्हलपर लेबल लावून ठरवतात. पुढचं काम मिस-इस्लिंग्टन नावाचा बॉट करतो. तुम्ही सुरुवातीपासून मुख्य ब्रँचवरच काम केलेलं असलं म्हणजे झालं. संकेतस्थळावरची पानं ठरावीक अंतराने नव्याने तयार होतात, त्यामुळे बदल लगेच दिसला नाही तरी काळजी नको. दिसू लागला की दोन्ही आवृत्त्यांची पानं उघडून खात्री करा.

पुढची चूक शोधायची असेल तर पान वाचत बसण्यापेक्षा गिट ग्रेपने, म्हणजे गिटच्या शोध कमांडने, रिपॉझिटरी चाळणं सोपं पडतं. ओळीच्या सुरुवातीला दोन टिंबं, स्पेस, नोट किंवा वॉर्निंग यांपैकी एक शब्द, मग एक कोलन आणि त्यापुढे दुसरा कोलन नाही, असा नमुना द्या. मोठ्या, रुळलेल्या प्रकल्पात लिंटमुळे बहुधा काही सापडणार नाही. ज्यांच्याकडे अशी तपासणी बसवलेली नाही त्या छोट्या प्रकल्पांत हा शोध चालवा. एखादी ओळ सापडली तर तिच्याखालचा मजकूर वाचा, तो खरोखरच कॉमेंट म्हणून ठेवला होता की वाचकासाठी लिहिला होता हे त्या फाइलच्या इतिहासात पाहा, आणि वाचकासाठी असेल तर एक कोलन वाढवून बिल्ड करा.